अंगदरावांची मुलाखत

१२ जानेवारी

ही डायरी पतसंस्थेने वाटलेली. पहिल्या तीन पानांवर संचालकांचे फोटो, मग थोर विचार, मग कुठे कोरी पानं सुरू होतात. लग्नांच्या तारखा लिहायला ठेवली होती. पण आज मन इतकं खुशीत आहे की तारखांच्या खाली थोडं लिहितो. उद्या कुणी वाचलंच तर त्याला कळावं म्हणून सांगतो, मी गोरक्षनाथ. सोनईतलं नाथ साउंड ते आमचंच. लग्न, दहावा, उद्घाटन, प्रचाराची रिक्षा, जिथे जिथे आवाज तिथे तिथे मी.

आज माळा आवरताना दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, रेकॉर्डींची पेटी निघाली. भोंगा आणि रेकॉर्डी घेऊन दादा बैलगाडीतून लग्नाला जायचे. त्यात ती गमतीची तबकडी सापडली. लहानपणी ऐकलेली. एक पत्रकार अगदी गंभीर आवाजात कुणाकुणाच्या मुलाखती घेतो आणि उत्तर म्हणून एखाद्या गाजलेल्या गाण्याची तेवढीच ओळ वाजते. शेठजी, निवडणुकीत पडलात, पुढे काय? की लगेच कुणी बाई गळा काढून परदेशी जायच्या गोष्टी करते. पंगतीत बसलेल्या वऱ्हाडाला हसून ठसका लागायचा. गाणारीला बिचारीला पत्ताही नसतो आपण कुणाला काय उत्तर दिलं. तीच तर मजा.

दादा म्हणायचे, प्रश्न संपला की मध्ये एका श्वासाची जागा ठेवायची. लगेच उत्तर आलं तर खोटं वाटतं, उशीर झाला तर हसू मरतं. जागा बरोबर पडली की कुठलंही उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, ऐकणारा आपला आपण सांधा जुळवतो.

मी ठरवलं, हे आता मोबाईलवर करायचं.

१९ जानेवारी

पहिला बकरा कल्याणशेठ. त्याचा पाण्याच्या जारचा प्लांट आहे आणि यंदा त्याला झेडपीला उभं राहायचंय. मी पत्रकाराच्या आवाजात विचारलं, "शेठ, हे फिल्टरचं पाणी नेमकं येतं कुठून?" आणि उत्तराला सिनेमातलं विहिरीवरचं एक गाणं लावलं. दोन तासांत सगळ्या ग्रुपवर. कल्याणशेठचाच फोन आला. मला वाटलं आता आईमाईवर येणार, तर हा हसतोय! म्हणाला, "गोरखशेठ, लई भारी. बदनामी का हुईना, नाव तर झालं. पुढं माझी जाहिरात तुमीच करायची."

रोहिणीला ऐकवलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या गमतीला दर वेळी दुसऱ्याचंच तोंड कसं लागतं?" आमच्या बायकोला विनोदाचं वावडं आहे.

२३ जानेवारी

घात झाला. फेसबुकने सगळ्या क्लिपांचा आवाज बंद केला. गाणी म्हणे कंपनीच्या मालकीची. चित्र हलतंय, मी तोंड हलवतोय, आणि आवाज नाही. अंगदची आठवण झाली.

अंगद आमच्या बँजो पार्टीचा गायक. पार्टी माझी, माइक माझे, आणि टाळ्या त्याला. पंधरा वर्षं लोक मला "अंगदचा माइकवाला" म्हणत होते. हळदी, गवळणी, देवीची गाणी, भजनं, सगळं मी कॅसेटवर भरून ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात गाठ निघाली, नगरला ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरं फडकं. काही हवं असलं की उलथण्याने तांब्या वाजवतो.

तर मुद्दा असा की त्या कॅसेटी माझ्या. गाणारा गावचा. कुठली कंपनी आडवी येणार? गंमत म्हणजे आता मुलाखत खरोखर अंगदचीच घेता येईल. प्रश्न मी विचारायचा, उत्तर तो देणार. मुक्या माणसाला बोलता करायचं, हे पुण्याचंच काम झालं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाचं साउंड आटपून पहिली क्लिप घेऊन अंगदच्या घरी गेलो. अंगद ओट्यावर ऊन खात होता. त्याची आई, भागिरथीमावशी, जात्यापाशी बसलेली. मावशीचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेत. म्हणजे मुलगा बोलू शकत नाही आणि आई बघू शकत नाही, दोघांच्या मध्ये सविता. सविता म्हणजे अंगदची बायको. ती शिंगणापूरला रुईच्या माळा विकते. पहाटे बजरंगच्या टेम्पोतून जाते, दुपारी येते. मग अंगद हातवारे करतो आणि ती मावशीला सांगते, "आत्या, हे म्हनत्यात चहा नको." तिचं स्थळ पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. तिने अंगदचं गाणं ऐकलं आणि त्याला होकार दिला. असो.

क्लिप लावली. मी विचारतो, "अंगदराव, आईविषयी दोन शब्द?" एक श्वास. आणि अंगदचा तो भरदार आवाज, एका हळदीच्या गाण्यातला, "माय माझी सावली गं, माय माझी सावली."

म्हातारी जागची उठली. हात पुढे करून चाचपडत आली, माझा मोबाईल कानाला लावला आणि रडायला लागली. "बोलला! माझा अंगद बोलला! गोरखा, तुझ्या यंत्रातून बोलला रं." एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं. सविता म्हणाली, "आत्या, ते जुनं गानं हाय. भावजींनी कापून जोडलंय." मावशी तिच्यावरच खेकसली, "तुला काय कळतं? मला माझ्या लेकाचा आवाज कळत न्हाई व्हय?"

मी क्लिप पुन्हा लावली. म्हातारीच्या आनंदावर पाणी कशाला ओता? अंगद मान खाली घालून बसला होता, डोळे भरलेले. त्यालाही बरं वाटलं असणार.

३ फेब्रुवारी

मावशीचा रोज निरोप. "त्याला इचार, तंबाखू खाऊ नको म्हनून मी मारलं हुतं, त्याचा राग हाय का?" मी देवीच्या गाण्यातला "राग नाही आई" एवढा तुकडा लावला. "त्याला इचार, भाकरी गोड लागती का?" त्यालाही तुकडा मिळाला. म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवते. सविता मला दारात गाठून म्हणाली, "भावजी, एकदा त्यांना खरं सांगा. त्या आता ह्यांना इचारतच न्हाईत, तुमालाच इचारत्यात." बाईमाणसाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

९ फेब्रुवारी

गोड क्लिपा ग्रुपवर चालत नाहीत. मावशीवाली टाकली तर चार जणांनी हात जोडले, बस. लोकांना झणझणीत हवं. पारावर बजरंगच्या टेम्पोविषयी कुजबूज असतेच. बजरंग बिनलग्नाचा, सविता पुढे त्याच्या शेजारी बसते. मागे फुलांची पोती असतात, ती बसणार तरी कुठे? मलाही माहीत आहे त्यात तथ्य नाही. पण गंमत ती गंमत.

"अंगदराव, पहाटे पहाटे वहिनी कुठे निघाल्या?"

एक श्वास. "गवळ्याच्या गाडीत बसून गेली."

"गवळी कोण?"

"नाव त्याचं काढू नका, जीव माझा जळतो."

"मग आता तुम्ही काय करणार?"

इथे मी माझं सगळं कसब लावलं. त्याची एक जुनी गवळण आहे. गाऱ्हाणं घेऊन गवळणी येतात, तेव्हा बाळकृष्ण घाबरून यशोदेला म्हणतो, कडी लाव गं माय. तेवढंच उचललं. अंगदने ते म्हणताना किंचित हुंदका दिलाय. असा तुकडा शोधून सापडत नाही.

"कडी लाव गं माय, कडी लाव."

संध्याकाळपर्यंत शिंगणापूरच्या दुकानांत, घोडेगावच्या बाजारात, सगळीकडे तेच. बिभीषण रिक्षावाल्याने तर रिंगटोन केली. रोहिणीने ऐकलं आणि मला पान वाढून स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसली.

१२ फेब्रुवारी

थोडं विपरीत झालं.

शेजारच्या कुणीतरी ती क्लिप भागिरथीमावशीला ऐकवली. मावशीने पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकली आणि उठून दाराची कडी लावली. दुपारी सविता शिंगणापूरहून आली तर दार बंद. आतून मावशी म्हणे, "माझ्या लेकानं सांगितलंय. त्याच्या तोंडचा शबुद हाय. जा त्या गवळ्याकडं."

अंगद आत होता. त्याने आईचे हात धरले, डोक्याने नाही नाही केलं, पण म्हातारीला दिसतंय कुठे! शेवटी तांब्या घेऊन दारावर, भिंतीवर बडवायला लागला. मावशी गल्लीला ओरडून सांगत होती, "बगा, बगा किती तळतळाट झालाय त्याचा!"

सविताचा भाऊ सहादेव येऊन तिला देवळाली प्रवराला घेऊन गेला. बजरंगने टेम्पो विकायला काढलाय म्हणतात. लोकांना गंमत गमतीसारखी घेता येत नाही, याला मी काय करू? रोहिणी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि मावशींना सांगा, हे कापून जोडलेलं होतं." मी म्हणालो, अगं, तसं सांगितलं तर माय माझी सावलीसुद्धा खोटं होतं हे तिला कळेल. म्हातारीचं काळीज फाटेल. माणसाने दोन्ही बाजूंचा विचार करायचा असतो, हे रोहिणीला कसं समजावणार?

१८ फेब्रुवारी

आज अंगद स्टुडिओत आला. किती वाळलाय! फडकं मळलेलं, श्वास घेताना भोकातून घरघर येते. ते साफ करायचं काम सविता करायची.

मला वाटलं मारायला आला. पण तो सरळ कॅसेटींच्या फळीपाशी गेला आणि तीन कॅसेटी काढून माझ्यासमोर ओळीने ठेवल्या. पहिली त्याच्या लग्नाची. तेव्हा साउंड आमचंच होतं, माइकवरचा त्याचा उखाणा भरलेला आहे. मी लावली. "सविता" हा शब्द आला आणि त्याने बोट वर केलं. दुसरी हळदीच्या गाण्यांची. "माझी" आलं, बोट वर. तिसरी भजनांची. गंगेच्या पाण्यावरचं भजन आहे, त्यातल्या "निर्मळ"ला त्याने पुन्हा बोट वर केलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

सविता माझी निर्मळ.

गायकच तो! कुठल्या गाण्यात कुठला शब्द आहे हे त्याला अजून तोंडपाठ. मग त्याने घराच्या दिशेला हात केला आणि कानाला लावला. म्हणजे आईला ऐकव.

मी लगेच बसलो. पहिले दोन तुकडे लोण्यासारखे निघाले. "निर्मळ" मात्र ढोलकीच्या थापेखाली दबलेला. मी म्हणालो, "अंगद, हा साफ निघत नाही. असा खडबडीत तुकडा नाथ साउंडच्या नावाने बाहेर गेला तर लोक हसतील." त्याने हात जोडले. मला बोटांनी खूण करत होता, असू दे, असाच दे. मी म्हणालो, "महाशिवरात्रीची गडबड उरकू दे, मग निवांत करून घरी आणून देतो." तो बराच वेळ स्पीकरवर तळहात ठेवून बसला. स्वतःचा आवाज हाताला लागत होता त्याच्या. पण काम म्हणजे काम, आणि त्या क्लिपेत हसण्यासारखं तर काहीच नव्हतं.

२ मार्च

अंगद गेला. गळ्याचं भोक कफाने बुजलं. पहाटे बराच वेळ तांब्या वाजत होता म्हणे. भागिरथीमावशी शेजारच्या खाटेवरच होती. तिला वाटलं, अजून रागातच आहे. तिने पडल्या पडल्या समजूत काढली, "व्हय रं बाबा, लावलीय कडी. झोप आता."

मग आवाज थांबला, तेव्हा तिला बरं वाटलं.

११ मार्च

दहावा. अमरधामात साउंड आमचंच. मित्राच्या दहाव्याचे पैसे घ्यायचे नाहीत हे मी आधीच सांगून टाकलं होतं.

प्रवचन झालं, श्रद्धांजल्या झाल्या, त्यात मीही बोललो. लोकांनी डोळे पुसले. मग पिंड ठेवला. सविता भावाबरोबर आली होती, बायकांच्या मागे उभी. पलीकडच्या बाभळीवर कावळे गच्च, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. एकेक जण पुढे होऊन पिंडाला विचारायला लागला. चुलतभाऊ म्हणाला, "अंगदा, म्हातारीला संबाळू." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, "तुझी गानी जपून ठिवू." तरी नाही. तेव्हा जाणती माणसं म्हणाली, शब्द माइकवर द्या, सगळ्यांनी ऐकला पाहिजे. मी माइक घेऊन पुढे गेलो.

सविताचा भाऊ सहादेव माइकवर आला. "दाजी, सविताचा काय बी दोष न्हाई. तिला परत तुमच्या घरात नांदायला आनतो. शिवा, दाजी." आणि खरोखर एक कावळा उतरला. टुणटुणत पिंडापाशी आला, मान वाकडी केली. तेवढ्यात सहादेव स्पीकर बॉक्सच्या पुढ्यात सरकला आणि माइकने कर्णकर्कश शिट्टी मारली. कावळा उडाला.

"न्हाई म्हनतोय," मागून कुणीतरी बोललं. सगळीकडे तेच पसरलं. न्हाई म्हनतोय, न्हाई म्हनतोय. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत माझ्या माइकने कधी शिट्टी मारली नव्हती. मी मशीनच बंद केलं.

मग दोघींनी धरून भागिरथीमावशीला पुढे आणली. शांतता होती. म्हातारी म्हणाली, "अंगदा, मी तुझ्या शबुदाच्या भाईर न्हाई. कडी लावलीय, ती लावलेलीच ऱ्हाईल. सवितेला घरात घेनार न्हाई. शीव बाबा."

एका श्वासाची जागा. आणि कावळा शिवला.

टायमिंग असं की दादांनीसुद्धा मान डोलावली असती. लोकांनी रामराम म्हणत हात जोडले. बायका सविताच्या जवळून थोड्या थोड्या बाजूला झाल्या. सविता कावळ्याकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता आणि त्यात ते तीन तुकडे. क्षणभर मनात आलं, मशीन सुरू करून लावावं. किंवा नुसतं सांगावं, की बाबांनो, प्रश्नाच्या पुढे काहीही ठेवलं की ते उत्तर वाटतं, हा माझा धंदाच आहे. पण "निर्मळ" अजून साफ निघाला नव्हता. आणि सगळ्यांचं समाधान झालेलं असताना आपण मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

मशीन सुरू केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, सविता तर श्वास धरून. मी म्हणालो, "आलेल्या सर्व आप्तेष्टांना विनंती आहे, कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये."

घरी आलो तर रोहिणी बॅग भरत होती. आठ दिवस माहेरी जाते म्हणाली. कुणाकुणाला दहाव्याचं फार मनाला लागतं. माइक बदलून घ्यायला हवा.

२९ मार्च

आज शनी अमावस्या. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता फुललेला, कल्याणशेठच्या जारना उसंत नाही. रोहिणी अजून आलेली नाही, फोनही उचलत नाही.

एक काम मात्र झकास झालं. नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि "निर्मळ" साफ निघाला. ढोलकी पार गेली, अंगदचा आवाज जसा काही समोर बसून बोलतोय. तिन्ही तुकडे जोडून ऐकले. अंगावर काटा आला. सहादेवच्या नंबरवर पाठवणार होतो, पण म्हटलं, जाऊ दे, सविता बिचारी आता कुठे सावरत असेल. कशाला जखम उकरा?

तेवढ्यात कल्याणशेठ आला. त्याला अमावस्येच्या गर्दीत फिरवायला जाहिरात हवी होती. इतकी चांगली चीज पडून राहण्यात काय अर्थ? पहिले दोन शब्द काढून टाकले. मी विचारतो, "अंगदराव, कल्याणशेठच्या जारचं पाणी कसं आहे?" एक श्वास. "निर्मळ." गेलेल्या मित्राचा आवाज पुन्हा गावभर फिरेल, श्रद्धांजलीच म्हणायची. कल्याणशेठ जाम खूश.

बिभीषणने सकाळपासून रिक्षा फिरवली. आत्ता हिशेबाला आला तेव्हा सांगत होता. अंगदच्या गल्लीतून जाताना भागिरथीमावशीने दाराची कडी काढली, भिंतीला धरत रस्त्यापर्यंत आली आणि रिक्षा थांबवायला लावली. "आरं, माझा अंगद बोलला. निर्मळ म्हनला. कुनाला म्हनतोय रं?"

बिभीषण म्हणाला, "पान्याला, आजी. जारच्या पान्याला."

"पान्याला व्हय," म्हातारी म्हणाली. "मला येडीला वाटलं, सुनंला म्हनतोय."

आणि आत जाऊन तिने कडी लावली.